क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड परत पाहिला, आवडतो की नाही तेच ठरेना. तिसरा बघू का?

अर्धवट_जादूगारीण

स्पॉइलर आहेत, पहिल्या दोन्ही भागांचे. तिसरा मी पाहिलेला नाही तेव्हा त्यातलं काही फोडू नका, हात जोडते.

तर हॅरी पॉटरच्या जगातल्या फॅन्टॅस्टिक बीस्ट्स सिनेमांचा हा दुसरा भाग नोव्हेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि बाहेर पडताना मी इतकी गप्प होते की बरोबरच्या मैत्रिणीला वाटलं माझं डोकं दुखतंय. वाईट म्हणवत नव्हतं आणि चांगला म्हणायला जीभ रेटत नव्हती. मग तो विषयच बंद करून टाकला, २०२२ ला तिसरा आला तोही मुद्दाम टाळला. आता परवा इतक्या वर्षांनी दुसरा परत लावला, म्हटलं बघू तरी राग शिल्लक आहे का. तर आहे. पण रागाच्या जोडीला आणखी काहीतरी आहे आणि ते काय ते मला धड सांगता येईना, म्हणून हा धागा.

आधी आवडलं ते. न्यूट, जादुई प्राणी सांभाळणारा जादूगार. एडी रेडमेनचा न्यूट मला पहिल्या भागापासून आवडतो कारण हा हिरो कुणाच्या डोळ्यात बघून बोलत नाही, मान तिरकी, केस कपाळावर, माणसांत अवघडलेला आणि जनावरांत एकदम मोकळा. पॅरिसमध्ये तो त्याला आवडणाऱ्या टीनाचा माग काढतो ते आठवा, सोनेरी धूळ पसरते, कोण कुठे उभं होतं त्या आकृत्या हवेत उमटतात आणि हा पठ्ठ्या खाली वाकून चक्क रस्ता चाटतो. युद्ध येऊ घातलंय, जादूचं मंत्रालय मागावर आहे आणि आपला हिरो फरशी चाटतोय. तो झोउवू, हत्तीएवढं चिनी मांजर, त्याला आवरायला याने छडी नाही उगारली, घरच्या मांजरीपुढे नाचवावं तसं खेळणं नाचवलं. आणि फ्रेंच मंत्रालयाच्या दप्तरखान्यात तो टीनाला सांगायला जातो की पेपरातल्या फोटोत तुझे डोळे कसे दिसतात आणि खरे कसे आहेत, काळ्या पाण्यात आग असावी तसे, आणि पुढचा शब्द बोलू की नको म्हणून अडतो (सॅलमँडर या आगीतल्या सरड्याचं नाव काढू नकोस असं जेकबने, त्याच्या जादू न येणाऱ्या मित्राने, आधीच बजावलेलं असतं), तर तीच म्हणते, सॅलमँडर? मी २०१८ लाही हसले होते, परवाही हसले.

आता राग. पहिल्या भागाच्या शेवटी जेकब आठवणी पुसणाऱ्या पावसात उभा राहतो, सगळं विसरणार हे त्याला माहीत असतं, टीनाची मनं वाचणारी बहीण क्वीनी येते, छत्रीसारखी छडी धरते आणि त्याला किस करते. मी रडले होते तिथे. दुसऱ्या भागात तो जेकब हसत हसत दारात हजर आणि आठवणींचं काय झालं तर म्हणे त्या औषधाने फक्त वाईट आठवणी पुसल्या जातात, आणि आमच्या तर सगळ्या चांगल्याच होत्या. संपलं. एका वाक्यात माझं रडणं पाण्यात.

मग ते स्मशानातलं. सगळी मंडळी एका थडग्याच्या खोलीत जमतात आणि तिथे वंशावळ सुरू होते. युसुफ कामाची आई, तिच्यावर घातलेली मोहिनी, सूड, शपथ, मग न्यूटची शाळेपासूनची मैत्रीण लीटा लेस्ट्रेंज उठते आणि म्हणते ते नाही खरं, खरं मी सांगते, मग जहाज, दोन बाळं, अदलाबदल. मी दोन्ही वेळा रिमोट हातात घेतल्यासारखी अस्वस्थ झाले, थिएटरमध्ये तर रिमोटही नव्हता.

आणि शेवट. तो अनाथ क्रीडन्स म्हणजे ऑरेलियस डंबलडोर, हॉगवर्ट्सच्या आल्बस डंबलडोरचा भाऊ. कोण?? सात पुस्तकं पाठ आहेत माझी, हा भाऊ कुठून उगवला.

तर प्रश्न दोन आहेत. एक, हा सिनेमा तुम्हाला थोडा तरी आवडतो का की मीच जुन्या मायेपोटी त्याला माफ करतेय? आणि दोन, तिसरा बघू का?

तिरकस

निफलर (ते चकाकत्या वस्तू पळवणारं जनावर) बघायला गेलो होतो, वंशावळ बघून आलो. पिल्लं मात्र गोड होती, त्यांच्यावर वेगळा सिनेमा काढा, मी येतो.

पुस्तकी_किडा

जादूगारीणबाई, जेकबच्या बाबतीत तुमचा राग थोडा चुकीच्या जागी आहे असं नम्रपणे सांगतो. पहिलाच भाग परत बघा, त्या स्वूपिंग ईव्हिल नावाच्या प्राण्याबद्दल न्यूट बोलतो तेव्हाच तो सांगून टाकतो की याचं विष नीट पातळ केलं तर वाईट आठवणी काढायच्या कामाला येईल. म्हणजे बी तिथेच पेरलेलं होतं. शिवाय शेवटी बेकरीत क्वीनी आल्यावर जेकब मानेवरच्या चावल्याच्या जागेला हात लावतो आणि ओळखीचं हसतो, तेही उगाच नाही. तक्रार करायचीच तर ही करा की पेरलेलं उगवताना दाखवायचं होतं. त्याला हळूहळू कसं आठवलं, एकेक ब्रेड प्राण्यांच्या आकाराचा का बनतोय ते त्याला कसं उमगलं, हा अख्खा अर्ध्या तासाचा ऐवज होता आणि तो दोन सिनेमांच्या मधल्या फटीत पडला.

ऑरेलियसच्या बाबतीत मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त चिडलेला आहे. हिशोब बघा. आल्बस शाळेत जायच्या आधीच त्याचा बाप पर्सिव्हल अझ्काबानच्या तुरुंगात गेला, म्हणजे १८९२ च्या आधी, आणि तिथेच मेला. आई केंड्रा गेली १८९९ ला, आल्बसची शाळा संपली त्या उन्हाळ्यात. म्हणजे हा धाकटा सख्खा भाऊ असेल तर १९२७ ला तो पस्तिशीच्या घरात पाहिजे, आणि सिनेमातला क्रीडन्स दिसतो जेमतेम विशीतला. एकतर त्याला हे सांगणारा खलनायक ग्रिंडेलवाल्ड खोटं बोलतोय नाहीतर लेखिकेने स्वतःचंच सातवं पुस्तक उघडून बघितलं नाही. तेव्हा मी पहिला पर्याय धरून मनाची समजूत घातली होती, माणूस मोठा लबाड आहे, बोलला असेल. पण डंबलडोर घराण्याकडे येणारा तो फिनिक्स पक्षी? त्याचं काय करायचं?

आणि हॉगवर्ट्सची शिक्षिका मॅकगोनॅगल!! पाचव्या पुस्तकात ती अंब्रिजला तोंडावर सांगते की या डिसेंबरला मला इथे शिकवायला लागून एकोणचाळीस वर्षं होतील. ते साल १९९५. वजाबाकी करा, १९५६ येतं. आणि ही बाई १९२७ ला हॉगवर्ट्समध्ये डंबलडोरच्या वर्गातून पोरांना बाहेर नेतेय, वर लीटा शाळेत असतानाच्या फ्लॅशबॅकमध्येही आहेच. शेवटच्या नामावळीत मिनर्व्हा म्हणून नाव आहे त्यामुळे आत्या असेल मावशी असेल ही पळवाटही बंद. कुणाही दुसऱ्या शिक्षिकेला तिथे उभं केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, ओळखीचा चेहरा दिसला की थिएटरमध्ये टाळी पडते ना.

तिरकस

@पुस्तकी_किडा तिच्याकडे काळात मागे नेणारा टाइम टर्नर असेल. मिटवा.

पुस्तकी_किडा

मिटणार नाही.

संथवाहिनी

मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय इथे, पण थडग्याच्या सीनबद्दल बोलायचंच होतं मला कधीपासून.

आपण सगळे म्हणतो की तिथे नुसती बडबड आहे म्हणून तो फसला. पण बडबड तर तिसऱ्या पुस्तकातही आहे की. श्रीकिंग शॅक आठवा. एक मोडकी खोली, तीन पोरं, एक पाय मोडलेला, आणि ल्युपिन आणि सिरियस बोलताहेत बोलताहेत बोलताहेत, प्रकरणंच्या प्रकरणं. कोण कोणाचा मित्र होता, कोणी दगा दिला, कोण कोणता प्राणी व्हायचं. तरी आपण श्वास रोखून वाचलं, कारण ज्या उंदराबद्दल ते सगळं चाललंय तो पहिल्या पुस्तकापासून रॉनच्या खिशात झोपलेला आहे. आपण त्याला ओळखतो. त्याच्या एका पंजाला बोट कमी आहे हेही आपल्याला ठाऊक आहे. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची असली तरी तिचा पुरावा तिथे खोलीत चूं चूं करतोय.

आता लेस्ट्रेंजचं बाळ घ्या. कॉर्व्हस. याचं नाव आपण त्या खोलीत जायच्या थोडंच आधी ऐकलेलं असतं. त्याचा बाप आपण पाहिलेला नाही, युसुफ कामा कोण हे अजून कळायचंय आणि त्याची आई तर त्याच गोष्टीत येते आणि त्याच गोष्टीत जाते. मग तो बुडाला काय आणि वाचला काय. ज्याच्यावर जीव जडलेला नाही त्याचं रहस्य फोडून उपयोग काय.

आणि यामागे एक साधं कारण आहे असं मला वाटतं. हॅरी पॉटरच्या आठ सिनेमांपैकी सातांची पटकथा स्टीव्ह क्लोव्हजची होती, पाचवा तेवढा दुसऱ्याचा. त्याचं काम काय होतं, तर जाडजूड पुस्तक हातात घ्यायचं आणि काय काय फेकायचं ते ठरवायचं. आपण त्याला शिव्या दिल्या, हे का कापलं, पीव्ह्ज कुठे गेला, एल्फांची चळवळ कुठे गेली. पण कापणारा हात किती मोलाचा होता ते इथे कळतं. क्राइम्सची पटकथा एकट्या रोलिंगबाईंची आहे आणि त्यांनी ती कादंबरीसारखी लिहिली, सगळे धागे, सगळी पात्रं, नागिनी, फ्लामेल, एल्फ दाई, रक्ताची शपथ. सातशे पानांत हे सगळं सुखाने नांदलं असतं, दोन तास चौदा मिनिटांत चेंगराचेंगरी झाली. दिग्दर्शक डेव्हिड येट्स तोच, पॉटरचे शेवटचे चार त्यानेच केलेले, त्यामुळे नुसतं त्याच्यावर ढकलून चालणार नाही.

एक विचारू? दुसऱ्यांदा पाहिलास तेव्हा बॉगार्टचा (समोरच्याची सगळ्यात मोठी भीती बनून येतो तो) तास कसा वाटला? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

खिडकीतली_मांजर

मी इथे एकटीच असेन पण मला हा सिनेमा आवडतो, आणि मुख्य म्हणजे ग्रिंडेलवाल्डच्या भाषणामुळे. लोक त्याला कंटाळवाणं म्हणतात. मला तर वाटतं सगळ्या मालिकेतला खलनायकाचा सगळ्यात हुशार सीन आहे तो. व्होल्डेमॉर्ट आला की नाक नाही, साप आहे, हिरवा उजेड आहे, त्याच्या बाजूला का जायचं असा प्रश्नच पडत नाही. हा माणूस हळू आवाजात बोलतो, मी कुणाचा द्वेष करत नाही म्हणतो, आणि मग त्या कवटीतून धूर ओढून सगळ्यांना दाखवतो काय, तर रणगाडे, विमानं आणि शेवटी तो प्रचंड स्फोट. १९२७ चं साल आहे. म्हणजे तो जे दाखवतोय ते खरं होणार आहे! आपल्याला माहितीये खरं होणार आहे! आणि जेकब, जो पहिल्या महायुद्धातून परत आलाय, तो बिचारा पुटपुटतो, परत युद्ध नको. चांगला माणूस त्या खलनायकाच्या तोंडून आपल्याच मनातली भीती ऐकतो. अंगावर काटा आला होता माझ्या.

क्वीनीबद्दलही हेच. सगळे म्हणतात तिचं पात्र बिघडवलं, ती अशी ग्रिंडेलवाल्डकडे जाणं शक्यच नाही. का शक्य नाही? तिच्या देशात जादूगाराने साध्या माणसाशी लग्न करणं कायद्यानेच बंद आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या मनात तिला ऐकू येतं की तू वेडी आहेस, तोंडाने तो बोललेला नसतो तरी. (तिने त्याला मोहिनी घालून पळवून आणलं होतं हे बरोबर नव्हतंच, ते मी सोडून देत नाहीये.) मग ती पॅरिसमध्ये पावसात एकटी, भाषा येत नाही आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यातला कलकलाट हिच्या कानात, कान झाकले तरी थांबत नाही. आणि अशा वेळी कुणीतरी येऊन चहा पाजतं आणि नीट बोलतं. लोक असेच जातात हो तिकडे, तत्त्वज्ञान वाचून नाही जात.

तिरकस

मांजरीने चांगला मुद्दा मांडला. मान्य करताना त्रास होतोय.

तिसऱ्यात पण क्वीनीचं जे

(संपादित. सॉरी सॉरी सॉरी.)

अर्धवट_जादूगारीण

@तिरकस वाचलं नाही. वाचलं नाही असं मी स्वतःला सांगतेय.

@पुस्तकी_किडा स्वूपिंग ईव्हिलचं खरंच विसरले होते, माघार. पण अर्ध्या तासाचा ऐवज वाया गेला हे तुम्हीच म्हणताय, म्हणजे राग चालू ठेवते, फक्त जागा बदलते.

@संथवाहिनी, तू बरोबर जागी बोट ठेवलंस. बॉगार्टबद्दल मी लिहिलं नाही कारण सकाळपासून तोच सीन डोक्यात आहे.

२०१८ ला पाहिला तेव्हा मला त्यातला फक्त न्यूटचा भाग लक्षात राहिला होता. डंबलडोरचा वर्ग, पोरं रांगेत, न्यूटची पाळी येते आणि कपाटातून त्याची सगळ्यात मोठी भीती बाहेर येते, ती म्हणजे एक टेबल. ऑफिसमधलं टेबल. सगळे हसतात. मग लीटा पुढे येते, तिच्यापुढे काहीतरी पांढरं फडकं हवेत तरंगतं, ती पळून जाते. तेव्हा मला ते भूतबीत वाटलं, हसण्याच्या नादात फार बघितलंही नाही.

परवा बघताना मला माहीत होतं ना ते काय आहे. ते फडकं हवेत नाहीये, ते पाण्यात आहे, आणि त्यात गुंडाळलेलं बाळ हळूहळू खाली चाललंय. तिचा भाऊ. रडणं ऐकवत नव्हतं म्हणून थोडा वेळ समोरच्या खोलीतल्या शांत बाळाशी अदलाबदल केली, एवढंच, ती स्वतः लहान पोर होती. आणि मग जहाज बुडालं. ते ओझं घेऊन ही मुलगी शाळेत आली, सगळ्यांनी तिला दुष्ट घराण्यातली म्हणून बाजूला टाकलं, आणि एका साध्या तासाला सगळ्या वर्गासमोर तिच्या मनातलं ते पाणी उघडं पडलं. आणि कुणालाच कळलं नाही ते काय आहे. मलाही नाही. मी हसणाऱ्या पोरांतच होते की पहिल्यांदा.

मोठी झाल्यावर ती त्याच वर्गात परत येते आणि डंबलडोर तिला म्हणतो की पश्चात्ताप कसा असतो ते मला ठाऊक आहे, मलाही बहीण होती. ज्यूड लॉ तिथे जवळजवळ काहीच करत नाही, नुसता बोलतो, आणि सहा सिनेमांत... मायकेल गॅम्बनवर माझा जीव आहे, पण मला डंबलडोरचं अरियानाचं दुःख पहिल्यांदा तिथे दिसलं.

म्हणजे मला वाटतं हा सिनेमा लीटाचा होता आणि करणाऱ्यांनाच ते माहीत नव्हतं. नाव ग्रिंडेलवाल्डचं, पोस्टरवर न्यूट, रहस्य क्रीडन्सचं, आणि जिची खरी गोष्ट होती तिला ती सांगायला दिली थडग्यात, सगळ्यांत शेवटी, घाईघाईत, आणि सांगून झाली की थोड्या वेळाने निळ्या आगीत जाळून टाकलं. मरताना ती म्हणते की माझं प्रेम आहे, समोर तिचा होणारा नवरा थीसियस आणि त्याचा भाऊ न्यूट दोघं उभे, कुणाला म्हणाली ते मला दोनदा पाहूनही कळलं नाही आणि ते न कळणं मात्र मला आवडलं. झोई क्रॅव्हिट्झला याहून जास्त मिळायला हवं होतं. त्या मानाने नागिनीला तर काहीच मिळालं नाही, ती नुसती उभी राहून क्रीडन्सचा हात धरते.

संथवाहिनी

हो. हेच. फडक्याचं.

तिसऱ्याबद्दल काही न फोडता सांगते. क्लोव्हज परत आलाय, यावेळी रोलिंगबाईंच्या जोडीने, आणि ते जाणवतं, गोष्ट सरळ चालते, कोण कुठे का चाललंय ते कळतं. ग्रिंडेलवाल्ड बदललाय, जॉनी डेपच्या जागी मॅड्स मिकेलसन, आणि तो इतका सहज आहे की दहा मिनिटांत सवय होते. पण दुसऱ्यात जसे ते एकदम खोल खड्डे आहेत, बॉगार्टसारखे, तसं तिसऱ्यात मला फार सापडलं नाही. नीटनेटका आहे. टीना फारच कमी आहे हे आधीच सांगून ठेवते म्हणजे शोधत बसणार नाहीस.

पुस्तकी_किडा

पाच भाग करू म्हणून २०१६ लाच जाहीर केलं होतं हे विसरू नका, आणि निम्मे धागे त्या भरवशावर लोंबते ठेवले. पहिल्याने जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर कमावले, दुसऱ्याने ६५ कोटींच्या आसपास, तिसरा ४० कोटींवर येऊन थांबला. चौथा आला नाही. माझ्या मते दुसऱ्याने जे प्रेक्षक नाराज करून घरी पाठवले ते तिसऱ्याला आलेच नाहीत, तुमच्यासारखेच. पण तिसरा बघा, कारण ऑरेलियसचं उत्तर त्यात आहे. उत्तर बरं आहे की कसं ते बघून सांगा, मी थांबतो.

खिडकीतली_मांजर

मला एक कळत नाही, आवडतो की नाही हे ठरवायलाच हवं का? मला माझ्या मोठ्या बहिणीबद्दल अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा बघायच्या आधी दुसऱ्याची एक्स्टेंडेड आवृत्ती मिळाली तर तीच बघ, सातेक मिनिटं जास्त आहेत.

तिरकस

सात मिनिटांत अजून एक चुलतभाऊ निघाला तर मी जबाबदार नाही.

आणि बाई, कपड्यांकडे पण बघत जा जरा. कॉलीन अ‍ॅटवूडने पहिल्या भागासाठी ऑस्कर घेतलं, एवढ्या मोठ्या पॉटरजगातलं ते पहिलं ऑस्कर, आठ सिनेमांना एकही नव्हतं. न्यूटचा तो निळा कोट बघितला की मी कथेची काळजी करायची सोडून देतो.

अर्धवट_जादूगारीण

न्यूटचा कोट पहिल्यात निळा, दुसऱ्यात करडा झालाय ना? परत बघावं लागणार.

ठरलं, शनिवारी तिसरा लावते. त्याआधी बॉगार्टचा तास एकदा परत, तेवढाच, बाकी काही नाही. आणि लीटाचं नाव तिसऱ्यात कुणी काढतं की नाही ते आता मुळीच सांगू नका.

पुस्तकी_किडा

सांगत नाही. पण मॅकगोनॅगल तिसऱ्यातही आहे एवढं सांगतो, मनाची तयारी करून बसा.